खेळता खेळता क्षेत्रफळ

पाचवी-सहावीच्या मुलांना परिमिती विचारली, तर बरीच मुले क्षेत्रफळ काढून दाखवितात आणि क्षेत्रफळ विचारले तर परिमिती. म्हणून मूल ‘ढ’ ठरत नाही. दोन्ही सूत्रे एका दमात पाठ केलेली असतात. कोणते कशासाठी, हे हाताला कधी कळलेले नसते. म्हणून वस्तीतील अभ्यासवर्गात आम्ही आधी खेळ घेतो, सूत्र मागाहून. शिक्षकांनी वर्गात आणि पालकांनी घरी हे खेळ अवश्य घ्यावेत. खर्च काहीच नाही.

पहिला खेळ काड्यांचा. खराट्याच्या हिराचे सारख्या लांबीचे २४ तुकडे प्रत्येक गटाला द्यावेत. सर्व काड्या वापरून आयत करायचा आणि आत खडूने काडीएवढे चौरस आखून मोजायचे. ज्या गटाच्या आयतात जास्त चौरस, तो गट जिंकला. कुणी ११ बाय १ करतो, त्याला ११ चौरस मिळतात. ८ बाय ४ करणाऱ्याला ३२ आणि ६ बाय ६ करणाऱ्याला ३६. काड्या सर्वांना सारख्याच, म्हणजे परिमिती २४ च. जागा मात्र तिपटीहून जास्त! हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल पुन्हा घोटाळा करीत नाही.

दुसरा खेळ चौकटीच्या वहीचा. सापशिडीचे दोन फासे घ्यावेत. ५ आणि ३ पडले, तर पानावर ५ बाय ३ घरांचा आयत आखायचा आणि परिमिती १६, क्षेत्रफळ १५ असे मोठ्याने सांगायचे. उत्तर चुकले तर आयत खोडायचा. पानावर जागा उरली नाही की ज्याची घरे जास्त तो जिंकला.

तिसरा खेळ टेपचा. मुलांकडून राहती खोली मोजून घ्यावी. समजा, १० बाय १२ फुटांची खोली आहे. क्षेत्रफळ १२० चौरस फूट, परिमिती ४४ फूट. कोपऱ्यात ४ बाय ३ ची मोरी काढली, तर उरलेली जागा १०८ चौरस फूट. तिची परिमिती? तीही ४४ फूटच! मुले प्रथम मानत नाहीत; कडेकडेने टेप फिरविल्यावरच मानतात.

पालकांनो, हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. मुंबईच्या बीडीडी चाळींतील कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर ठरले. वरळीतील पहिल्या कुटुंबांना २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. गावाकडे गुंठ्याचा व्यवहार होतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ३३ बाय ३३ चा तुकडा. झोपडीच्या बदल्यात घर असो की गावचा तुकडा, सगळा हिशेब चौरस फुटांतच होतो. कागदावर सही आपण करतो आणि मोजतो मात्र दुसराच.

सहावीतल्या मुलीच्या हाती टेप द्या. नवे घर मिळाले की चावी घेण्याआधी प्रत्येक खोली तिच्याकडून मोजून घ्या, गुणाकार-बेरीज तिलाच करू द्या आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा. ज्या घरात मोजणारे माणूस आहे, त्या घराला फसविणे सोपे नसते.