स्क्रोल लॉक नावाचं भूत

सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर हमखास ऐकू येणारं एक वाक्य म्हणजे, "अरे, माझं एक्सेल बिघडलंय!" जाऊन पाहावं तर फाइल व्यवस्थित उघडलेली असते, माउस चालत असतो, आकडेही टाइप होत असतात. फक्त बाणाची कळ दाबली की शेजारच्या चौकटीत जाण्याऐवजी अख्खा तक्ताच सरकतो. निवडलेली चौकट मात्र जागच्या जागी!

मग निदान सुरू होतं. एक म्हणतो, व्हायरस. दुसरा म्हणतो, की-बोर्ड गेला, चहा सांडला असशील. तिसरा म्हणजे विंगमधला मान्यवर तज्ज्ञ (प्रत्येक विंगमध्ये असा एक असतोच). तो स्क्रीनकडे न बघताच निकाल देतो, "फॉरमॅट मार!"

मंडळी, यातलं काहीही झालेलं नसतं. स्क्रोल लॉक चालू झालेला असतो, बस्स. आणि यात हसण्यासारखं जेवढं आहे, तेवढंच धोक्याचंही आहे. तक्ता सरकलाय, पण चौकट मागेच राहिली आहे, हे लक्षात आलं नाही आणि तुम्ही पुढचं रीडिंग टाइप केलं, तर ते जुन्याच चौकटीत जातं. तिथलं आधीचं रीडिंग पुसलं जातं. वेळीच कंट्रोल आणि झेड दाबलं तर वाचलात, नाहीतर ग्राफ वाकडा आणि ओरलला सरांचा पहिला प्रश्न तयार.

आता उपाय. एक्सेलच्या अगदी खालच्या पट्टीवर 'स्क्रोल लॉक' असे शब्द दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर त्या पट्टीवर राइट क्लिक करून यादीत स्क्रोल लॉकपुढे टिक आहे का ते तपासा. लॉक चालू असेल आणि लॅपटॉपवर ती कळच नसेल, तर विंडोज १० किंवा ११ मध्ये विंडोजची कळ, कंट्रोल आणि ओ एकदम दाबा. पडद्यावर की-बोर्ड उगवेल, त्यातल्या स्क्रोल लॉकच्या बटणावर एक क्लिक, काम फत्ते! काही लॅपटॉपवर ही कळ दुसऱ्या अक्षराच्या पोटात लपवलेली असते. बऱ्याच थिंकपॅडवर एफएन आणि के, डेलच्या काही मॉडेलवर एफएन आणि एस, एचपीच्या काहींवर एफएन आणि सी. घाईत बोट चुकून तिथे पडतं आणि भूत अंगात येतं, ते असं.

पण मुळात ही कळ आली कुठून? १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या ८३ कळांच्या की-बोर्डवर ती होती. त्या काळात पडद्यावर अक्षरांच्या जेमतेम २५ ओळी मावायच्या आणि माउस तर नव्हताच. त्यामुळे बाणाच्या कळांना दोन कामं होती, कधी कर्सर हलवायचा, कधी पडद्यावरचा मजकूर सरकवायचा. कोणतं काम करायचं हे ठरवणारी कळ म्हणजे स्क्रोल लॉक. गंमत म्हणजे त्या पहिल्या की-बोर्डवर लॉक चालू आहे की बंद, हे दाखवणारा दिवाच नव्हता! १९८४ च्या एटी मॉडेलच्या की-बोर्डवर तीन दिवे आले. न्यूम, कॅप्स आणि स्क्रोल. आपल्या लॅबमधल्या डेस्कटॉपना जोडलेल्या जुन्या की-बोर्डवर दिसतात ना, तेच.

पुढे माउस आला, माउसला चाक आलं आणि बहुतेक प्रोग्रॅमनी या कळेकडे पाठ फिरवली. एक्सेलने मात्र ती पाळली. लिनक्सच्या टेक्स्ट कन्सोलवर ती धावणारा मजकूर थांबवते. एकाच की-बोर्डवर दोन-तीन मशिन चालवणारे केव्हीएम स्विच असतात, त्यांतल्या अनेकांवर ती दोनदा दाबली की दुसरं मशिन समोर येतं. आणि विंडोजमध्ये रजिस्ट्रीत एक सेटिंग केलं, तर उजवा कंट्रोल धरून स्क्रोल लॉक दोनदा दाबल्यावर निळा पडदा मागवता येतो! ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मेमरी डंप हवा असतो, त्यासाठी ही सोय आहे. (कृपया रूम पार्टनरच्या मशिनवर प्रयोग करू नये.)

म्हणजे कळ निरुपयोगी नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. लॅपटॉप बारीक करण्याच्या नादात कळ काढली, दिवा काढला, पण 'चालू-बंद' ही अवस्था मात्र आत तशीच ठेवली. कुलूप आहे, लागूही शकतं, पण दिसत नाही! आपण थिअरीत स्टेट मशिन शिकतो, वहीत गोल आणि बाण काढतो. तिथे कुणी सांगत नाही, की मशिन कोणत्या स्टेटमध्ये आहे हे वापरणाऱ्याला दिसलं नाही तर चूक त्याची नसते, डिझाइन करणाऱ्याची असते. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत काम केलेल्या लॅरी टेस्लरने आयुष्यभर हेच सांगितलं. कट-कॉपी-पेस्ट रूढ करणाऱ्यांतला हा माणूस. 'मोड नकोत' हे त्याने गाडीच्या नंबरप्लेटवरसुद्धा लिहून घेतलं होतं!

"एवढ्याशा कळेवरून केवढा गाजावाजा!" असं कुणी म्हणेल. त्याने २० जानेवारी १९९२ चा फ्रान्समधला स्ट्रासबुर्गजवळचा विमान अपघात वाचावा. एअर इंटरचं एअरबस ए३२० डोंगरावर आदळलं. विमानातल्या ९६ पैकी ८७ जण गेले. चौकशीत जी कारणं संभवनीय मानली गेली, त्यांतलं एक असं. वैमानिकांना ३.३ अंशांच्या उताराने खाली यायचं होतं, पण उपकरण दुसऱ्या मोडमध्ये होतं. तिथे ३३ या आकड्याचा अर्थ होता, मिनिटाला ३३०० फूट. बटण तेच, खिडकी तीच, अर्थ भलताच. हव्या होत्या त्याच्या चौपट वेगाने विमान खाली येत राहिलं. नंतर त्या खिडकीत चार आकडे पूर्ण दाखवायचा बदल झाला. म्हणजे शेवटी दुरुस्ती काय, तर मोड नीट दिसू द्या!

आता आपल्याकडे वळू. फायनल इयरचे प्रोजेक्ट आठवा. मोटर कंट्रोलरला ऑटो आणि मॅन्युअल असे दोन मोड असतात, ते बदलायला एकच पुश बटण असतं, आणि दाखवायला काहीच नसतं. डेमोच्या वेळी परीक्षकांनी बटण दाबलं की सगळा ग्रुप एकमेकांकडे बघतो, "आत्ता कशात आहे रे?" दोन रुपयांच्या एलईडीने हा प्रश्न सुटला असता.

आणि 'फॉरमॅट मार' या हॉस्टेलच्या राष्ट्रीय औषधाबद्दलही बोलायलाच हवं. "सबमिशन उद्या, कारण शोधत बसायला वेळ कुणाला?" हा युक्तिवाद मला मान्य आहे, पण अर्धाच. फॉरमॅट करून सगळं परत टाकायला अख्खी रात्र जाते, खालची पट्टी वाचायला पाच सेकंद लागतात. शिवाय फॉरमॅटने आजार गेला तरी तो कशाने झाला हे कधीच कळत नाही. पुढच्या वर्षी तो ज्युनिअरही तेच औषध पुढे वाटतो. कारण न शोधता इलाज करायची ही सवय घेऊन आपण प्लँटवर गेलो तर कसं व्हायचं?

तेव्हा तीन विनंत्या. लॅबमधल्या सरांना आणि मॅडमना, की प्रत्येक लॅबच्या भिंतीवर अशा नेहमीच्या दहा तक्रारी आणि त्यांची कारणं लिहिलेला एक कागद लावावा. प्रोजेक्टवाल्यांना, की जितके मोड, तितके दिवे. आणि विंगमधल्या तज्ज्ञांना, की भाऊ, निकाल देण्याआधी एकदा स्क्रीनकडे बघ. बहुतेक वेळा उत्तर तिथे खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.