जुने कपाट, मोबाइलवरचे पैसे आणि कराचा धाक

पुणे, प्रतिनिधी -
नोकरी बदलली, की घर बदलते आणि घर बदलले, की फ्रिज, कपाट, पलंग विकायला निघतात. हिंजवडी, खराडी भागातील सोसायट्यांमध्ये हे नित्याचे दृश्य आहे. पूर्वी अशा वस्तू मंगळवार पेठेतील जुन्या बाजाराच्या वाटेने जात आणि पैसे रोखीने मिळत. आता 'क्यूआर कोड' दाखवला, की रक्कम थेट खात्यात जमा होते. रोखीचा माग राहत नसे. 'यूपीआय'वरून आलेला प्रत्येक रुपया मात्र बँकेच्या दप्तरी नोंदला जातो. ही नोंद म्हणजेच उत्पन्न, असे करखात्याने मानले तर काय, ही शंका त्यामुळे सामान्य विक्रेत्याच्या मनात घर करू लागली आहे.

ही शंका निराधार नाही, हे जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात दिसले. तेथील वाणिज्य कर खात्याने २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांतील 'यूपीआय' व्यवहारांची माहिती मागवून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. एका भाजीविक्रेत्याकडे तर सुमारे २९ लाख रुपयांच्या कराची विचारणा झाली. वास्तविक ताज्या भाजीवर 'जीएसटी' नाही आणि केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीचीही गरज नाही. बंगळुरूतील अनेक दुकानांवरचे 'क्यूआर कोड' उतरले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या झळकल्या. अखेर २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेऊन जुन्या थकबाकीची वसुली न करण्याची ग्वाही दिली. नोंदणीची अट मात्र कायम राहिली.

कायदा काय सांगतो?

'जीएसटी' कायदा देशभर एकाच धर्तीचा असल्याने पुणेकरांनी या प्रकरणाकडे परक्याचे म्हणून पाहून चालणार नाही. मात्र, कायद्यातील भेद समजून घेतले, तर निम्मी भीती ओसरते. वापरातील घरगुती वस्तू विकणे हा व्यवसाय नव्हे. त्यामुळे त्यावर 'जीएसटी' लागत नाही. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही फर्निचर, कपडे, स्वतःच्या वापरातील मोटार या 'वैयक्तिक वापराच्या वस्तू' असून, त्यांच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने, चित्रे, शिल्पे व अन्य कलाकृती यांना मात्र या सवलतीतून वगळलेले आहे. आजीच्या बांगड्या मोडून आलेली रक्कम आणि जुना सोफा विकून आलेली रक्कम मोबाइलवर सारखीच दिसते. कायद्याच्या लेखी ती सारखी नाही.

दुसरीकडे, दिवाळीचा फराळ किंवा साड्या घरातून नियमित विकणाऱ्या महिलेची विक्री हा व्यवसायच ठरतो. महाराष्ट्रात वस्तूंच्या वार्षिक ४० लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीस 'जीएसटी' नोंदणी लागत नाही. सेवांसाठी ही मर्यादा २० लाख आहे. मात्र, फराळाचा डबा परराज्यातील ग्राहकाला विकला, तर ही सवलत मिळत नाही, याची अनेकांना कल्पना नसते. प्राप्तिकरात छोट्या व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. तीनुसार डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीच्या किमान सहा टक्के, तर रोखीच्या उलाढालीच्या किमान आठ टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी लागते. म्हणजे आठ लाखांची विक्री पूर्णपणे 'यूपीआय'वरून झाली असेल, तर किमान उत्पन्न ४८ हजार रुपये धरले जाते. खात्यावर जमा झालेली सगळी रक्कम उत्पन्न नसते, हे कायद्यानेच मान्य केले आहे.

संदिग्धता कोठे?

अडचण आहे ती माहितीच्या वापरात. बचत खात्यात वर्षभरात दहा लाख रुपये वा अधिक रोख भरली गेल्यास बँकेने प्राप्तिकर खात्याला कळवावे, असा नियम आहे. मर्यादा जाहीर असल्याने खातेदार सावध राहू शकतो. 'यूपीआय'वरून जमा झालेल्या रकमांसाठी असा ठळक आकडा सामान्यांसमोर ठेवण्यात आलेला नाही. खोलीभागीदाराने दिलेला भाड्याचा वाटा, भावाने पाठवलेले पैसे आणि विकलेल्या सायकलची किंमत एकाच यादीत येतात. त्यांतील भेद सिद्ध करण्याचे ओझे अखेर खातेदारावर पडते.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेने २०२१ मध्ये पेमेंट ॲपवरून होणाऱ्या विक्रीची माहिती कळवण्याची मर्यादा २० हजार डॉलरवरून ६०० डॉलरवर आणली. जुन्या वस्तू विकणाऱ्यांनाही करपत्रके जातील, अशी ओरड झाली, अंमलबजावणी वारंवार लांबली आणि जुलै २०२५ मध्ये जुनी मर्यादाच परत आली. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून ऑनलाइन विक्री मंचांना माहिती गोळा करण्याचे बंधन घातले. पण वर्षाला ३० पेक्षा कमी वस्तू आणि दोन हजार युरोपर्यंतची विक्री असलेल्यांना त्यातून वगळले. घरातील अडगळ विकणाऱ्यावर नवा कर नाही, असा खुलासाही तेथील करखात्याने केला.

आपल्याकडेही असाच खुलासा हवा. किती रकमेनंतर माहिती मागवली जाईल आणि घरगुती विक्री त्यातून कशी वगळली जाईल, हे नोटीस निघण्यापूर्वी सांगायला हवे. नंतर माफी जाहीर करून गेलेला विश्वास परत येत नाही. विक्रेत्यांनीही व्यवसायासाठी स्वतंत्र खाते ठेवणे, महागड्या वस्तूची खरेदीपावती जपणे आणि पैसे घेताना वस्तूचा उल्लेख करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. करचुकवेगिरी शोधण्याचा खात्याचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु, प्रामाणिक नोंद ठेवणाराच अधिक अडचणीत येतो, असा समज रुजला, तर ग्राहक पुन्हा रोखीकडे वळतील आणि ज्या नोंदींच्या आधारे कर गोळा करायचा, त्या नोंदीच उरणार नाहीत.