दाराबाहेरचा दरफलक

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ पूर्व भागातून, जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतून, दरवर्षी कितीतरी आईबाप मुलाचा हात धरून शहराकडे निघतात. ही सहल नसते. कोणाला मुलाची प्रकृती मोठ्या रुग्णालयात दाखवावयाची असते, कोणाला बारावी झालेल्या मुलीला प्रवेशपरीक्षेच्या केंद्रावर वेळेत पोहोचवावयाचे असते, तर कोणाला महाविद्यालयातील प्रवेशासाठी एखाद्या कचेरीत दोन दिवस खेटे घालावयाचे असतात. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. मुंबई त्याहून बरीच दूर. सकाळी निघून काम उरकून रात्री घरी परतणे अनेकदा जमत नाही. मग शहरात रात्र कोठे काढावयाची आणि दोन वेळा काय खावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. वरकरणी तो अगदी क्षुल्लक वाटतो. वस्तुतः ज्या कामासाठी प्रवास करावयाचा ते काम होणार की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

जव्हार तालुक्यातील वावर या गावाचे नाव १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्यानंतर आदिवासी भागातील आरोग्यसेवेविषयी आणि पोषणाविषयी पुष्कळ चर्चा झाली, आणि ती आवश्यकही होती. परंतु तालुक्याच्या डॉक्टरांनी 'मुलाला नाशिकला न्या' असे सांगितल्यानंतर पुढे काय होते, याचा विचार फारसा झाला नाही. मुलाच्या खाटेशेजारी रुग्णालयात बहुधा एकालाच थांबू देतात. आई आत राहिली तर बाप जिन्याखाली किंवा पदपथावर अंग टाकतो. गाठीचे पैसे सरले की उपचार अर्धवट सोडून घरी परतण्याची भाषा सुरू होते. उपचार मोफत असले तरी मुक्काम मोफत नसतो, आणि गरीब कुटुंबाच्या हिशेबात मुक्कामाचा खर्च हाही औषधोपचाराचाच खर्च असतो.

या प्रवासातील एका खर्चाची मात्र कोणाला धास्ती वाटत नाही, तो म्हणजे एस.टी.चे भाडे. ते ठरलेले असते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे. घरून निघण्यापूर्वीच त्याचा हिशेब बोटांवर मांडता येतो. बिस्किटाच्या पुड्यावरदेखील किंमत छापलेली असते. लॉजच्या खोलीची किंमत मात्र पुष्कळ ठिकाणी काउंटरपलीकडे बसलेल्या माणसाच्या मनात असते. तो आलेल्याच्या कपड्यांकडे व पायांकडे पाहतो, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो आणि मग आकडा सांगतो. रात्री नऊच्या सुमारास खांद्यावर मूल पेंगत असताना सांगितलेल्या त्या आकड्यावर घासाघीस करण्याचे बळ कितीजणांना उरत असेल?

अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतील ग्राहक सर्व पर्याय समोर मांडून त्यांतील सर्वांत हितकर पर्याय निवडतो. ही निवड फुकट होत नाही, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. निरनिराळ्या विक्रेत्यांचे भाव शोधून काढण्यासही वेळ, श्रम आणि पैसा लागतो. ज्याला हा शोध महाग पडतो तो लवकर थांबतो आणि जास्त किंमत देतो. एकट्या तरुणाला पाच लॉज पालथे घालणे शक्य आहे. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात आजारी मूल असलेल्या आईला दुसऱ्या लॉजचा जिना चढणेही जड जाते. म्हणजे ज्याला स्वस्त खोलीची गरज सर्वांत अधिक, त्यालाच ती शोधणे सर्वांत अधिक महाग पडते.

यातून मार्ग काढावयाचा तर प्रथम खोलीचे भाडे आणि मुक्कामाचा खर्च यांतील फरक ध्यानात घ्यावा लागेल. समजा, बसस्थानकाजवळ खोली ६०० रुपयांना मिळते आणि परीक्षाकेंद्राजवळ ८०० रुपयांना. केंद्रावर जाण्यायेण्याच्या रिक्षाला प्रत्येक खेपेस १५० रुपये पडत असतील, तर स्वस्त खोली ९०० रुपयांना पडली. शिवाय सकाळी रिक्षा मिळेल की नाही, ही धाकधूक वेगळीच. म्हणून ज्या ठिकाणी काम आहे तेथून चालत जाण्याजोगे अंतर ही मुलाबरोबरच्या मुक्कामाची पहिली कसोटी मानली पाहिजे. दुसरी कसोटी खोली सोडण्याच्या वेळेची. काही ठिकाणी दिवस चोवीस तासांचा धरतात, तर काही ठिकाणी तो दुपारी बारा वाजता संपतो. पहाटे पाचला उतरलेल्या आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी निघणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या पद्धतीत अधिक दिवसांचे भाडे भरावे लागू शकते. तेव्हा पैसे देण्यापूर्वीच ही वेळ विचारून घेणे श्रेयस्कर.

कराचेही तसेच आहे. दिवसाला १००० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीला पूर्वी वस्तू व सेवा कर माफ होता. १८ जुलै २०२२ पासून तिच्यावर १२ टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला. नोंदणी नसलेल्या लहान लॉजला हा कर आकारताच येत नाही. म्हणून सांगितलेला आकडा करासह आहे की कराविना, हे विचारण्यात संकोच कसला? खोली आधी पाहावी. कडी नीट लागते काय, नळाला पाणी आहे काय, याची खात्री करावी. बाप आणि वयात आलेली मुलगी असा प्रवास असेल तर दोघांची आधारपत्रे व परीक्षेचे प्रवेशपत्र वरच्याच खिशात असावे. काउंटरवरील संशयाची नजर अपमानास्पद असते हे खरे; परंतु मुलीसमोर तिला उत्तर देत उभे राहण्यापेक्षा कागद पुढे करणे बरे.

जेवणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. भात, नागलीची किंवा वरईची भाकरी आणि साधे कालवण यांवर वाढलेल्या मुलाला शहरातील तिखट-तेलकट पदार्थ एकाएकी सोसत नाहीत. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पोट बिघडले तर वर्ष वाया जाण्याची वेळ येते. त्यात थाळीचे गणित लहान मुलाच्या बाजूचे नसते. पोटभर थाळी देणाऱ्या उपाहारगृहात 'एका थाळीत दोघांनी जेवू नये' अशी पाटी हमखास असते. मालकाच्या दृष्टीने ती रास्तही आहे, कारण त्याने एका माणसाच्या भुकेचा भाव लावलेला असतो. पण सात वर्षांचे मूल अर्ध्या थाळीचेही धनी नसते, आणि पैसे मात्र पूर्ण थाळीचे मोजावे लागतात. अशा वेळी मोजून वाढलेली राइस प्लेट घेणे किंवा सुटे पदार्थ मिळणाऱ्या हॉटेलात जाणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. मुंबईत उडुपी हॉटेले नोकरदारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या जिवाभावाची झाली, त्याचे एक कारण त्यांच्या इडलीत आहे, तर दुसरे भिंतीवरील भावांच्या फळ्यात. पदार्थ लहान, त्याची किंमत डोळ्यांसमोर. खिशात हात घालण्यापूर्वी मनातल्या मनात बेरीज करता येते. गरिबाला परवडणारे अन्न देण्याचे प्रयत्न सरकारनेही केले. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली, जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. या योजनांचे गुणदोष काहीही असोत, केंद्राच्या दारातून आत शिरताना किती पैसे लागणार हे माणसाला ठाऊक होते, ही त्यांची जमेची बाजू नाकारता येणार नाही.

परक्या गावी निवारा मिळण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही, आणि तो नेहमी पैशाचाच होता असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत १९०१ मधील एक प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटण्यास निघालेल्या त्या लहान मुलांजवळ शिदोरी होती, पण वाटेत त्यांना कोणी पाणी दिले नाही. पुढे १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर आलेल्या आंबेडकरांना नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. संत गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या, त्यांमागे हाच अनुभव होता. पंढरपूरच्या एका धर्मशाळेला त्यांनी चोखामेळ्याचे नाव दिले. अखेर २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांची दारे सर्वांना सारखीच खुली केली. दार कायद्याने उघडले. पण आतला भाव माणूस पाहून ठरत असेल, तर ते कोणासाठी किती उघडले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

दर लिहून लावण्याची कल्पना तर फारच जुनी आहे. इंग्रजी अमदानीत १८६७ साली झालेल्या सराई कायद्यात सराईच्या चालकावर जी कर्तव्ये टाकलेली होती, त्यांत जागा स्वच्छ ठेवणे आणि पहारेकरी नेमणे यांच्याबरोबरच जिल्हाधिकारी सांगतील त्या जागी व त्या भाषांत दरपत्रक लावणे हेही होते. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, आलेला मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा त्याही पुढे गेला. त्याच्या नावातच हॉटेले आणि लॉजिंग हाउस होती, आणि त्यांचे वाजवी दर ठरविण्याचा अधिकार नियंत्रकाला होता. २००० साली त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने घेतली. त्याच्या नावात मात्र हॉटेल उरले नाही. दर सरकारने ठरवावेत, हा आग्रह आज धरण्याचे कारण नाही. नियंत्रित दराने खोल्या वाढत नाहीत, त्या दडवल्या जातात, हा भाडे नियंत्रणाचा धडा मुंबईने पुरेपूर घेतला आहे. परंतु दर ठरविणे आणि दर जाहीर करणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा त्याग करताना दुसरीवर पाणी सोडण्याचे प्रयोजन नव्हते.

यावर हॉटेल व्यावसायिकांचा आक्षेप असा की, मागणी रोज बदलते, मग दर कायमचे कसे लिहावेत? या म्हणण्यात तथ्य आहे. सिंहस्थासारख्या पर्वणीला नाशिक-त्र्यंबकेश्वरात होणारी गर्दी आणि एरवीचा मंगळवार यांना एकच दर लावा, असे कोणीही म्हणणार नाही. पण भाजीवाला रोज बदलणारा भाव रोज पाटीवर लिहितोच. आजचा दर, करासह, खोली सोडण्याच्या वेळेसह, मराठीत आणि रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरांत दाराबाहेर लिहावा, एवढीच अपेक्षा आहे. दुसरा आक्षेप असा की, आता सारे दर मोबाइलवर दिसतात. ते दिसतात हे खरे. पण ज्या लॉजमध्ये गरीब कुटुंब उतरते त्यांतील कितीतरी तेथे नसतात. जे असतात त्यांचे दर परीक्षेच्या तारखा जाहीर होताच चढू लागतात. आधी पैसे भरून खोली राखणे हेही ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्यालाच साधते.

या बाबतीत शासनाने करण्याजोग्या गोष्टी दोन. एक म्हणजे महानगरपालिकांनी लॉज व उपाहारगृहांच्या परवान्यात दाराबाहेरील दरफलकाची अट घालून ती पाळली जाते की नाही हे पाहावे. दुसरी म्हणजे आदिवासी विकास विभागाची शहरांतील वसतिगृहे उन्हाळी सुटीत जेव्हा रिकामी असतील, तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरती तरी ती पालक आणि विद्यार्थी यांना नाममात्र शुल्कात द्यावीत. इमारत आहे, खाटा आहेत, पहारेकरी आहे; हवा आहे तो एक आदेश.

परंतु शासनाच्या आदेशाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. आश्रमशाळेतील शिक्षक, पंचायत समितीतील लिपिक आणि शहरात शिकणारे गावचे विद्यार्थी यांच्या हाती एक सोपे साधन आहे. शाळेत एक वही ठेवावी. नाशिकहून, ठाण्याहून किंवा मुंबईहून परतणाऱ्या प्रत्येक पालकाला विचारून तीत चार गोष्टी टिपाव्यात: कोठे उतरलात, किती पैसे पडले, कोठे जेवलात, पुन्हा तेथे जाल काय? दोन-तीन वर्षांत त्या वहीतून पुढच्या प्रवाशाला एवढी माहिती मिळेल की जिला स्टिगलर शोधाचा खर्च म्हणतात, तो त्याच्यापुरता जवळजवळ नाहीसा होईल. एकाने सोसलेली फसवणूक दुसऱ्याला वाचवील. वावरहून निघालेल्या आईला एस.टी.च्या भाड्याप्रमाणेच रात्रीच्या निवाऱ्याचा आणि मुलाच्या जेवणाचा हिशेब घरच्या ओट्यावर बसून करता आला, म्हणजे डॉक्टरांनी सांगितल्याबरोबर 'उद्या निघतो' असे म्हणण्याचे धैर्य तिला येईल. मुलाच्या आजारात तो एक दिवस फार मोलाचा असतो.