पपई नको, धूर चालेल?

परवा भाचीचं डोहाळजेवण झालं. सातवा महिना लागलाय. कार्यक्रम आमच्याकडेच केला, कारण आमचा हॉल मोठा. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, बर्फी की पेढा... सगळं अगदी साग्रसंगीत. आणि अर्थातच सल्ले! पपई खाऊ नकोस गं. ग्रहणात विळीला हात लावू नकोस. मारामारीचे सिनेमे बघू नकोस, बाळावर परिणाम होतो. शेजारच्या काकूंनी तर गर्भसंस्काराची गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून आणली होती.

हे सगळं चालू असताना खालून धूर येत होता. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत वाळक्या पानांचा ढीग, त्यात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, थर्माकोलचे तुकडे. रोज सकाळी पेटतो, दुपारपर्यंत धुमसत राहतो. कोणीतरी म्हणालं, "अगं, खिडकी लावा, तिला त्रास होईल." खिडकी लावली आणि ओटी भरायला सुरुवात झाली.

ती लावलेली खिडकी तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. पपईवर अर्धा तास चर्चा आणि धुरावर उपाय काय, तर खिडकी!

आता जरा त्या धुरात काय असतं ते बघू. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. हे कण फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यातले सगळ्यात बारीक रक्तातही उतरतात. पोटातल्या बाळाला मात्र वारेचं संरक्षण आहे, असा आपला भाबडा समज. २०१९ साली बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना काजळीचे कण वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही सापडले. २०२२ साली त्यांनी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांसोबत पुढचं पाहिलं. गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात, मेंदूतही काजळी होती. ज्या जिवाने अजून एकही श्वास घेतलेला नाही, त्याच्या फुप्फुसात काजळी!

प्लास्टिकचीही तीच गत. २०२० च्या अखेरीस इटलीतल्या संशोधकांनी सहा बायकांच्या वारा तपासल्या, त्यातल्या चारांत प्लास्टिकचे सूक्ष्म कण निघाले. २०२४ साली अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठाने ६२ वारा तपासल्या. ६२ च्या ६२ मध्ये प्लास्टिक होतं, आणि त्यात सगळ्यात जास्त पॉलिथिलीन, म्हणजे आपल्या पिशव्यांचं. या प्लास्टिकने माणसाच्या बाळाचं नेमकं काय बिघडतं हे अजून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे उगाच घाबरवणार नाही. प्राण्यांवरचे प्रयोग मात्र काळजी वाटावी असेच आहेत.

धुराबद्दल पुरावा कितीतरी भक्कम आहे. आईच्या अंगात दाह वाढतो, वारेचं काम मंदावतं, बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आत जन्मतं. 'स्टेट ऑफ ग्लोबल एअर'च्या २०२० च्या अहवालाचा अंदाज आहे की २०१९ या एका वर्षात भारतात १ लाख १६ हजारांहून जास्त बाळं प्रदूषित हवेच्या परिणामांमुळे जन्मानंतर महिन्याभरातच गेली. जगभरातल्या अशा मृत्यूंपैकी जवळजवळ दोनतृतीयांश चुलीच्या धुराशी जोडलेले. मी निदान खिडकी तरी लावू शकले. चुलीपुढे बसलेल्या बाईचा धूर घरातच असतो, तिने कुठली खिडकी लावायची?

"आम्ही चुलीवरच स्वयंपाक केला, झाली नाहीत का पोरं?" हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. झाली ना. माझ्या आजीला अकरा झाली आणि जगली सहा. बाकीची पाच कशाने गेली ते कोणी विचारलं नाही. देवाची इच्छा म्हणाले, आणि हळूच तिच्याच खाण्यापिण्यावर बोट ठेवलं.

माझा खरा राग इथेच आहे. बाळाचं काही बिघडलं की चूक आईची. ती काय खात होती, काय बघत होती, कशी झोपत होती! पण श्वास? तो कसा टाळणार? हवा काही तिने एकटीने घाण केलेली नाही, त्यामुळे ती एकटी ती स्वच्छही करू शकत नाही.

सगळ्यांनी मिळून केली तर मात्र होते. २००८ च्या ऑलिम्पिकसाठी बीजिंगमध्ये कारखाने आणि गाड्यांवर निर्बंध आले. ज्या बायकांचा आठवा महिना त्या काळात पडला, त्यांच्या बाळांचं वजन २००७ आणि २००९ मधल्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅम जास्त भरलं. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात टोलनाक्यावर न थांबता पैसे भरायची सोय झाली, गाड्यांच्या रांगा गेल्या, आणि नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं सुमारे ११ टक्क्यांनी घटली. त्या बायकांनी काय वेगळं केलं? काहीच नाही. बाकीच्यांनी केलं. आपल्याकडे २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा वेळ आणि डिझेल किती वाचेल याचे हिशेब झाले. नाक्याजवळच्या गावातल्या पोटुशा बायका कोणाच्या हिशेबात होत्या का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली. आपलं २००९ मध्ये ठरलेलं मानक ४०. म्हणजे पास व्हायचे मार्कच इतके सोपे केलेत, आणि तरी कितीतरी शहरं नापास.

असो. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन झाडलोट करणाऱ्या दादांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, पानं घंटागाडी घेत नाही, आणि दहाच्या आत आवार साफ पाहिजे असं तुमच्याच लोकांनी सांगितलंय. मी कुठे नेऊ?" म्हणजे काडी त्यांची, हुकूम आमचा. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे, दंड आहे ५,००० रुपये. तो खरं तर आम्हा सगळ्यांकडून वसूल करायला हवा.

रविवारी मीटिंग आहे. पानांसाठी खड्डा आणि प्लास्टिक वेगळं, एवढंच मागणार आहे. "बघू" असं उत्तर येईल, मग पुढच्या मीटिंगला पुन्हा मागेन. आणि भाचीला एकही सल्ला द्यायचा नाही असं ठरवलंय. पपईचं ती आणि तिच्या डॉक्टर बघून घेतील. धुराचं आपण बघायचंय, आणि बाळ यायला दोनच महिने उरलेत.