माशी-बगळा आणि एजंट

व्हिएतनामी भाषेत गायबगळ्याला 'कॉ रुओइ' म्हणतात. कॉ म्हणजे बगळा आणि रुओइ म्हणजे माशी. माशी-बगळा! आपण नाव ठेवताना गाय बघितली, त्यांनी माशी बघितली. पक्षी एकच, व्हेरिएबलची नावं दोन :-)

खरं तर हा पक्षी माश्या खातो, पण जास्त करून खातो नाकतोडे. म्हैस चालायला लागली की गवतातले किडे उडतात आणि हे महाशय तिच्या पायाशी हजर. हल्ली ट्रॅक्टरच्या मागेही असतात. त्यात म्हशीचं काही जात नाही, शेतकऱ्याचं तर नाहीच नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती नुसत्या 'कॉ' या शब्दाची. व्हिएतनामी लोकगीतांत कॉ म्हणजे शेतात राबणारी बाई, पोरांसाठी वणवण करणारी आई. आणि आजच्या बोलभाषेत? कॉ म्हणजे दलाल! जमिनीचा एजंट तो 'कॉ दत', म्हणजे शब्दशः जमीन-बगळा. हनोईत फ्लॅट शोधणाऱ्यांना आणि हिंजवडीत शोधणाऱ्यांना एकमेकांचं दुःख लगेच कळेल.

आई कुठे आणि दलाल कुठे! यातली मधली कडी आहे 'कॉ मोई'. मोई म्हणजे आमिष. शिकारी शेतात एक बगळा उभा करतो, वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं इथे खायला आहे, आणि थवा खाली उतरतो. तो आमिषाचा बगळा म्हणजे कॉ मोई. पुढे गिऱ्हाईक गळाला लावणाऱ्या माणसालाही तेच नाव पडलं.

आणि ही काही जुनी गोष्ट नाही. मध्य व्हिएतनाममध्ये स्थलांतराच्या मोसमात आजही भातखाचरांत थर्माकोलचे पांढरे बगळे रोवतात, आजूबाजूला चिकट काड्या आणि जाळी लावतात. १७ मे २०२२ ला तिथल्या पंतप्रधानांना रानपक्षी वाचवण्यासाठी खास निर्देश काढावा लागला.

म्हणजे बघा, फसवणारा माणूस, फसणारा बगळा, आणि शिवी कोणाच्या नावाने? बगळ्याच्या!

आपण तरी कुठे वेगळे आहोत म्हणा. मासा टिपण्यासाठी बिचारा स्तब्ध उभा राहतो, आणि आपण त्याला ढोंगी ठरवून मोकळे. बकध्यान काय, बगळाभगत काय! पोटासाठी एकाग्र होणं हे ढोंग असेल, तर डेडलाइनच्या आदल्या रात्री आपण सगळेच ढोंगी.

माझं म्हणणं एवढंच, की प्राण्यांना नावं ठेवायचीच तर ती गायबगळा किंवा कॉ रुओइसारखी असावीत. कोणीतरी बांधावर उभं राहून, नीट बघून ठेवलेली. बाकी आपल्या लबाडीला आपल्याकडे शब्द कमी आहेत का? एजंटला एजंटच म्हणावं की. त्यासाठी बगळा कशाला हवा?

असो. तुम्हाला काय वाटतं?