झाडीची नाटके आणि धानाचे बांध

दिवाळीनंतर मंडया भरू लागल्या व धान घरी येऊ लागले, म्हणजे झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, हे केशोरीकडील वाचकांस सांगावयास नको. वडशाच्या मंडळ्या रात्री दहास पडदा उघडतात, तो पहाटेपर्यंत. श्री. परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, आणि त्याच्या आदल्या वर्षी श्री. तृषांत इंगळे यांनी या रंगभूमीवर ‘झॉलीवूड’ हा चित्रपटही काढला. या मानाचे आम्हांस समाधानच आहे. तथापि या नाटकांत आपला शेतकरी कोठे आहे?

आम्ही पाहिलेल्या बहुतेक नाटकांत बंगला, दारुडा पुत्र व सोशिक सून यांचाच संसार चालतो. झाडीबोली आली तर ती विनोदी गड्याच्या तोंडी, हसविण्यापुरती. पैसा धानकऱ्याचा, जागरण धानकऱ्याचे, आणि रंगमंचावर चिखलाचा ठिपका नाही! दंडार व खडी गंमत यांतून ही रंगभूमी वाढली. दंडारीत नाचणारा गडी दिवसा बांधीतच राबत असे.

कोणी म्हणेल, वर्षभर चिखल तुडविणाऱ्यास रात्री पुन्हा चिखल कशाला दाखविता? आक्षेप वरवर खरा वाटतो. परंतु जपानातील शिन्सुके ओगावा नामक गृहस्थांची हकीकत पहावी. १९७० नंतरच्या दशकात हे आपल्या सोबत्यांसह यामागाता प्रांतातील मागिनो गावी राहावयास गेले व तेथे स्वतः भातशेती करू लागले. जवळच्या फुरुयाशिकी या डोंगरी खेड्यावर त्यांनी १९८२ साली साडेतीन तासांचा चित्रपट पुरा केला. डोंगरावरून उतरणाऱ्या थंड हवेने भात कसे बुडते, याचाच त्यात प्रथम शोध आहे. मग म्हातारी माणसे आपल्या आठवणी सांगतात. भाताच्या रोगावर चित्रपट! आणि तो जगभर पाहिला गेला.

आमच्याकडे कथानकांचा तुटवडा आहे काय? महसुलाच्या दप्तरात आमचे आयुष्य गेले. तलावाचे पाणी प्रथम कोणाच्या बांधीत जावे, पाळ फुटल्यास माती कोणी टाकावी, हे वाजिब-उल-अर्जात लिहिलेले असे. एकेका ओळीमागे दोन घराण्यांचे वैर. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि पाळीची काळजी कोणाची हे कोणासच कळेना. शंकरपटाचे पाहा: २०१४ साली न्यायालयाने बंद केला, २०२३ साली कायम मोकळा केला, मधल्या वर्षांत पटाची जोडी दावणीला बांधून ठेवणाऱ्याच्या मनात काय चालले असेल, यावर एक अंक सहज होईल.

लेखकांस दोष देणे सोपे आहे. पण मंडळ्या तेच आणतात जे गावोगावची मंडळे मागतात. यास्तव आमची सूचना गावच्या मंडळांस आहे. पुढील मंडईचे नाटक ठरवावयास वडशास जाल, तेव्हा नटीचे नाव विचारण्यापूर्वी संहिता वाचून दाखवावयास सांगावे. धानाचे, तलावाचे नाटक कोणी नव्याने लिहीत असेल, तर विसार त्यासच आधी द्यावा, आणि पहिल्या वर्षी तिकिटे कमी खपली तर ती तूट मंडळाने सोसावी.