गाडीचा रुबाब आणि वीस मिलिमीटरची चकती

वाराणसीच्या बालाजी घाटापर्यंत मोटार जात नाही. महाराष्ट्रातून आलेलं कुटुंब मैदागिनच्या आसपास जागा मिळेल तिथे गाडी लावतं आणि पुढे गल्ल्या तुडवत घाट गाठतं. शेजारी पंचगंगा घाट, पलीकडे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट. या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली. बालाजीच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी लहानपणापासून सनईचा रियाज केला. इथल्या गल्लीत समोरून स्कूटर आली तरी भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. तिथे गाडीच्या रुबाबाला कोण विचारतो?

रुबाब दिसतो तो मागे, गाड्या लावलेल्या जागी. रांगेतल्या गाड्यांकडे मागून पाहिलं की घरातला तरुण मुलगा हमखास एक गोष्ट बोलून दाखवतो. आपल्या गाडीची चाकं आत ओढल्यासारखी दिसतात आणि शेजारची कशी पाय रोवून उभी आहे! घरी परतल्यावर तो मुंबईचं ऑपेरा हाऊस, कुर्ल्याचा सीएसटी रोड नाही तर दिल्लीचं करोल बाग इथून चार जाड चकत्या आणतो. यांनाच व्हील स्पेसर म्हणतात. चाक आणि हब यांच्यामध्ये ही चकती बसवली की चाक तेवढं बाहेर येतं. दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिमीटरच्या चकत्या बसवल्या तर दोन चाकांमधलं अंतर चाळीस मिलिमीटरने वाढतं. अर्ध्या तासाचं काम, खर्चही फार नाही, आणि गाडी खरोखरच भारदस्त दिसते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

हा मोह आजचा नाही. अमेरिकेत १९५९ साली पॉन्टियाक कंपनीच्या नव्या गाड्या अंगाने रुंद झाल्या आणि जुन्या अंतरावरची चाकं त्यांच्याखाली विचित्र दिसू लागली. कंपनीने चाकांमधलं अंतर सुमारे पाच इंचांनी वाढवलं आणि त्याच गोष्टीची जोरदार जाहिरात केली. मात्र तो बदल कारखान्यातल्या इंजिनिअरांनी मुळापासून केला होता. गॅरेजवाला फक्त चाक सरकवतो. बाकी सारं जिथल्या तिथे राहतं.

घोटाळा नेमका इथेच आहे. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर टेकवून बाई सहज जिना चढते. तीच कळशी हात लांब करून धरायची म्हटली तर मनगट आणि खांदा चार पावलांत बोलू लागतात. पाणी तेवढंच असतं, पण अंगापासून दूर गेलेलं असतं. गाडीत हे मनगट म्हणजे चाकाचं बेअरिंग. वजन जवळजवळ त्याच्या रेषेत पडावं असा हिशेब करूनच कंपनीने चाकाची बैठक ठरवलेली असते. चाक बाहेर गेलं की प्रत्येक खड्ड्याचा दणका बेअरिंगला, सस्पेन्शनच्या जोडांना आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना अधिक तरफ लावून बसतो. शिवाय ब्रेक दाबताना एक चाक कोरड्या डांबरावर आणि दुसरं चिखलात असेल, तर स्टिअरिंग हाताला हिसका देतं.

‘रुंद गाडी वळणावर जास्त स्थिर,’ असं विकणारा सांगतो. तत्त्व बरोबर आहे, हिशेब मात्र तोकडा. चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं तर चाळीस मिलिमीटरची वाढ तीन टक्क्यांहूनही कमी भरते. तेवढ्यासाठी सगळ्या सांध्यांवर जादा भार घालायचा! बैलगाडीच्या काळातले लोक या बाबतीत शहाणे होते. कच्च्या वाटेवर चाकांनी पडलेल्या खोलगट चाकोऱ्यांत दोन्ही चाकं बसायची असतील, तर त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असावं लागे. हौस म्हणून ते कुणी वाढवत नसे.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे नट. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना चाकाचे बोल्ट बारा मिलिमीटर जाडीचे असतात आणि नटाचा एक फेरा सव्वा मिलिमीटर पुढे जातो. बोल्टच्या जाडीइतका तरी आटा नटात बसावा असा साधा ठोकताळा आहे. म्हणजे साडेनऊ फेरे झाले. मूळ बोल्टवर दहा मिलिमीटरची नुसती चकती सरकवली की त्यातले आठ फेरे तीच खाते. उरलेल्या आट्यावर चाक लटकतं आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. जाड स्पेसरला स्वतःचे बोल्ट असतात, तो प्रकार त्या मानाने बरा. पण मग चाकामागे नटांचा दुसरा संच लपलेला राहतो आणि चाक काढल्याशिवाय तो तपासता येत नाही. चकतीचं मधलं भोक हबवर घट्ट बसत नसेल तर चाक केंद्रातून किंचित सरकतं. गाडी ताशी ऐंशीच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरू लागतं, आणि बिचारा मालक बॅलन्सिंगवाल्याकडे खेपा घालत बसतो.

नागपूरहून जबलपूर, रेवा करत वाराणसीला यायचं म्हणजे साधारण साडेसातशे किलोमीटरचा रस्ता. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ याच वाटेने वाराणसीहून निघून थेट कन्याकुमारीला जात असे. अशा प्रवासात गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा, परतीला गंगाजलाचे डबे. गाडी खाली बसली की बाहेर आलेला टायर मडगार्डच्या कडेला घासू लागतो. मागच्या सीटवर आजी-आजोबा असतात, आणि चकत्या बसवताना त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

कायद्याची बाजूही पक्की आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर उघडकीस आला तर दाव्यावर वाद उभा राहतो, तो वेगळाच. जर्मनीत स्पेसर चालतात, पण कुठल्या गाडीला कोणता चालेल याचं तपासणी प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे दुकानदाराचा शब्द हेच प्रमाणपत्र!

मुलाची हौस अगदीच मोडवत नसेल तर एक सरळ वाट आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीनेच दिलेली चाकं आणि टायर आपल्या गाडीला चालतील का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्यावं. चाकाच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ अक्षरांपुढे आकडा कोरलेला असतो. चाकाची बैठक मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे ते तो सांगतो. ‘ईटी ४५’च्या चाकामागे वीसची चकती घातली की हिशेब थेट पंचवीसवर येतो, हे दुकानदार सांगत नाही.

आणि चकत्या आधीच बसवलेल्या असतील तर लांबच्या प्रवासाआधी त्या काढून घ्याव्यात. काढल्यावर मूळ बोल्टचे आटे झिजलेत का ते पाहावं, हबवरचा गंज घासून काढावा आणि नट अंदाजाने न आवळता गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहून टॉर्क पान्याने आवळावेत. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासायचे. जाड स्पेसरबरोबर आलेले नट परत वापरू नयेत. मूळ नट गॅरेजवाल्याकडे राहिले असतील तर ते आधी मागून घ्यावेत.